दुसरा हप्ता

त्याला सगळे कवळीवाला म्हणत. डॉक्टर लोक तोंडाची मापं घ्यायचे आणि दात घडायचे याच्या टेबलावर. मध्यंतरी त्याला स्वतःचा कारखाना काढायची हुक्की आली. कर्ज काढून दात भाजायची भट्टी घेतली, वर्षभरात भट्टी विकली, कर्ज तेवढं मागे उरलं. गडी मुकाट्यानं जुन्या मालकाकडे परतला आणि इरेला पेटला. बँक मागते त्याच्या दुप्पट भरायचं, चार वर्षांचं दोन वर्षांत मिटवायचं. तोवर सिनेमा नाही, पाहुणे नाहीत, बायकोच्या बहिणीकडे जाणंसुद्धा नाही, कारण रिकाम्या हातानं जायचं कसं! दात कोरून पोट भरत नाही, हे दातांच्याच धंद्यातल्या माणसाला कुणी सांगायचं?

जिवाला चैन नव्हती. जेवता जेवता उठायचा, खिडकीशी जायचा, परत येऊन पाय हलवत बसायचा. आपल्या येरझाऱ्यांनी बायकोची झोप मोडू नये म्हणून बाहेरच्या खोलीत झोपू लागला. ती आत ढाराढूर झोपते, याचा त्याला आधार वाटायचा आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. पाळणाघरात दिवसभर लोकांची पोरं सांभाळायची, घरी येऊन गुमान जेवायचं. हिच्या डोक्याला कसला ताप!

एका सकाळी प्लास्टरची बत्तीशी टेबलावर आली. चिठ्ठीवर नुसता नंबर. झोपेत दात खाणाऱ्या कुणासाठी तरी दातांवर चढवायचं कव्हर करायचं होतं. दाढा पार झिजून सपाट झाल्या होत्या.

“कुणाचे तरी हप्ते थकलेत वाटतं,” शेजारचा पॉलिशवाला म्हणाला.

“नाहीतर सासू आली असेल राहायला,” कवळीवाला म्हणाला. दोघं हसले.

मग त्यानं बत्तीशी उजेडात फिरवली आणि त्याचं हसू तिथेच विरलं. वर डावीकडे दातावर दात होता. याच दातावर तो एके काळी भाळला होता. नवऱ्याला कळू नये म्हणून तिनं मुद्दाम लांबचा डॉक्टर गाठला होता, पण पळसाला पानं तीनच, त्याचंही काम इथेच यायचं. वर्षभर हलणारा त्याचा पाय थांबला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“मला सांगितलं का नाहीस?” त्यानं बत्तीशी तिच्यासमोर ठेवली.

ती दचकली. मग म्हणाली, “कधी सांगू? तू धड जेवतोस तरी का? आणि डॉक्टरवर पैसे घातले म्हणून चिडला असतास.”

“चिडलो असतो,” तो म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली.

“बँक एकच हप्ता मागते,” ती म्हणाली. “दुसरा तू मागतोस. माझ्याकडून.”

तो खिडकीशी गेला, परत आला.

“पुढच्या महिन्यापासून एकच भरू. रविवारी तुझ्या बहिणीकडे जाऊ. रिकाम्या हातानं.”

“वर्षाऐवजी अजून दोन वर्षं लागतील मग.”

“लागू देत. एका खोलीत झोपून काढू.”

तिनं शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “आणि या कव्हरचे किती होतील?”

“घरचं गिऱ्हाईक. उधारीवर देतो.”

“उधारीवर?” ती म्हणाली आणि एकदम हसत सुटली. किती दिवसांनी तो दातावरचा दात दिसला. प्लास्टरमध्ये त्याची काहीच मजा आली नव्हती.