बर्फावरचा लाल गालिचा

मित्रांनो, मी बोटाएवढा कॅमेरा आहे. चष्म्याच्या दांडीवर बसायचं, समोर दिसेल ते अंध मालकाच्या कानात सांगायचं, हे माझं काम. आता माझ्या काचेवर ओरखडे पडलेत. पण ती सकाळ आठवली की मी अजूनही आतून तापतो.

प्रयोगशाळेत मला हजारो चित्रं दाखवली होती: पायऱ्या, खांब, वाटेत लावलेल्या सायकली. पाणी दिसलं की थांबवायचं, हा पहिला धडा. मग मी नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतातल्या वीब्रेन आजोबांकडे आलो. त्यांनी मला सर्वांत आधी मुलीचा, हिस्केचा, चेहरा ओळखायला शिकवला.

त्या हिवाळ्यात कित्येक वर्षांनी गावचा कालवा गोठला. आजोबांनी पोलादी पात्यांचे स्केट बाहेर काढले.

"बाबा, मी पुढे राहते. तुम्ही माझ्या काठीचं मागचं टोक धरा," हिस्के म्हणाली.

"बर्फावर खुर्ची ढकलत, रडत स्केटिंग शिकलीस ती माझ्याकडूनच ना? एकदाच, पुलापर्यंत, एकटा जातो. मग काठी धरेन."

"आणि पडलात तर?"

"तर उठेन. तू मागून ये. पुलाजवळ आलो की हाक मार."

आम्ही निघालो. "पाणी. थांबा," मी म्हणालो.

"गप रे शहाण्या, बर्फ आहे तो," आजोबा हसले. हात पाठीमागे बांधून त्यांनी असा वेग घेतला की झाडं पळू लागली. मी आजवर फक्त चालीनं फिरलो होतो. किती मजा येत होती म्हणून सांगू! मी "पाणी, पाणी" म्हणत राहिलो आणि ते हसत राहिले. हिस्के दमून फार मागे पडली होती.

तेवढ्यात मला काठावर चढत गेलेला लाल गालिचा दिसला. गालिचा तर घरात असतो. सांगावं की नाही? हसतील. पण दिसलं ते सांगायचं. "गालिचा. डावीकडे."

आजोबांनी स्केट आडवे घातले. बर्फाचा चुरा उडाला आणि ते थांबले. पुढे चार हातांवर पुलाखालचं काळं पाणी हलत होतं. पुलाखाली बर्फ पातळ राहतो, म्हणून स्केट घालूनच काठावरून चालत जाता यावं यासाठी गावकरी गालिचा अंथरतात. मला ते ठाऊक नव्हतं. त्यांना होतं.

हिस्के धापा टाकत आली. "हाक मारायला दम नव्हता, बाबा."

"असू दे. पोहोचलो ना? आण ती काठी."

पुढचा हिवाळा आजोबांनी पाहिला नाही. मी स्केटच्या शेजारी खणात पडून राहिलो. एक दिवस कुणीतरी मला चार्जिंगला लावलं. डोळा उघडताच मी सवयीनं बोललो, "हिस्के. समोर."

तिनं बाहीनं माझी काच पुसली. मग म्हणाली, "हो. मीच."

तिनं मला शेजारच्या आउक्येबाईंना दिलं. त्यांची नजर अधू होत चालली होती.

"तुझा चेहरा पुसून टाकू का यातून?" बाईंनी विचारलं.

"राहू दे. रस्त्यात भेटले तर सांगेल."

मित्रांनो, आठवण म्हणून आम्हाला खणात ठेवू नका. ज्याला वाट हवी आहे, त्याच्या डोळ्यांशी बसवा. कालव्याच्या कडेला आज बर्फाची पातळ साय धरली आहे. बाई रोज बोटांनी स्केटची धार तपासतात. आणि गालिचा म्हणजे काय, ते आता मला ठाऊक आहे.