प्रतिकूल शेऱ्याचे कार्ड

मी ग्रंथालयातले एक जुने कार्डांचे कपाट आहे. तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. एरवी तुमच्यातले बरेचजण जाता-येता मला लाथ मारूनच पुढे जातात. मी जिन्याखाली तुमची वाट अडवून उभा आहे. अडवणारच.

पक्क्या लाकडाचा आहे मी. लहान लहान खण, त्यांना पितळी कड्या. माझे काम सोपे होते. एखाद्या पुस्तकावर मासिकात किंवा वर्तमानपत्रात कुणी काय लिहिले, हे ज्याला हवे असेल त्याने माझा खण ओढायचा. लेखकाच्या आडनावाखाली कार्ड मिळे. परीक्षण कोणत्या अंकात, कोणत्या पानावर, आणि कोपऱ्यात एक शेरा: अनुकूल की प्रतिकूल. मग तो बांधीव अंक मागून घ्यायचा आणि वाचायचा.

ही कार्डे पहिल्या ग्रंथपाल बाई स्वतःच्या हाताने लिहीत. बाई कुणाची भीडभाड ठेवत नसत. मासिकांत ‘नवी पुस्तके’ नावाचे सदर असे आणि त्यात एका दमात पाच-सहा पुस्तकांची हजेरी घेतलेली असे. बाईंचा मदतनीस म्हणे, एका लेखाला एक कार्ड पुरे. बाई त्याच्याकडे न बघताच म्हणत, “सहा जणांना झोडपलंय ना? मग सहा कार्डं.” तो दात-ओठ खात सहा कार्डे कापून देई.

माझ्या चांगल्या दिवसांतही माणसे काही चांगली नव्हती. एक कवी अधूनमधून येई आणि स्वतःचे प्रतिकूल कार्ड हळूच खिशात घाली. बाई ते पुन्हा लिहीत, आणि शेरा जरा ठळक अक्षरांत. एक प्राध्यापक सभांमधून मला ग्रंथालयाचा कणा म्हणत आणि इथे आले की माझी कार्डे उपसून खिडकीत टाकून जात. तोंडभर स्तुती करणाऱ्यांपासून मी तेव्हापासून सावध आहे.

बाई निवृत्त झाल्या आणि संगणक आला. माझी कार्डे एकेक करून त्यात भरायला कुणाला वेळ होता? अंकांच्या अनुक्रमणिका उघडल्या आणि नुसते मथळे टाइप केले. त्यामुळे त्या संगणकाला ‘नवी पुस्तके’ या एकाच नावाचे शेकडो लेख ठाऊक आहेत, पण त्यांत कोणती पुस्तके आहेत याचा त्याला पत्ता नाही. अकलेचे दिवाळे म्हणतात ते हेच. माझ्या खणांत चहाचे चमचे आले, तुटक्या छत्रीची मूठ आली. माझ्या जागी थंड पाण्याचे यंत्र बसवायचे म्हणून सध्याच्या ग्रंथपालांनी भंगारवाल्याशी बोलणीही केली.

त्याच सुमारास एक परिचारिका आली. तिच्या आईने तरुणपणी एक कादंबरी लिहिली होती. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही असे सगळे समजून चालले, आणि आईने पुन्हा लेखणी धरली नाही. मामा अजून जेवताना चिडवत असे, की मुद्रितं तपासणाऱ्याने तरी वाचली असेल, ताई. आईची नजर आता अधू होत चालली होती. ती पुरती जाण्याआधी पुस्तकावर लिहिलेले काहीतरी, चार ओळी का होईना, तिला दाखवायचे एवढेच मुलीच्या मनात होते.

ग्रंथपालांनी पुस्तकाचे नाव टाइप केले. काही नाही, म्हणाले, सगळ्याच पुस्तकांवर लिहितात असं नाही. तिने पुन्हा बघायला सांगितले, तसा त्यांचा पारा चढला. तिने माझ्याकडे बोट दाखवून यात काय आहे ते विचारले. चमचे, ते म्हणाले. तिने खण ओढून चमचे त्यांच्या टेबलावर ओतले आणि मागची कार्डे चाळू लागली. आईचे माहेरचे आडनाव तिला सापडले. कोपऱ्यात लिहिले होते, प्रतिकूल.

अंक मागवून तिने तो माझ्याच डोक्यावर ठेवून वाचला. “लेखिकेला स्वयंपाकघराबाहेरचे जग ठाऊक नाही. शेवट तर असा, की पुस्तक मिटताना सुटल्यासारखे वाटते.” तिचा चेहरा उतरला. तिने कार्ड जागच्या जागी सरकवले आणि आईला काही सापडलं नाही असं सांगेन, असे पुटपुटली.

“मी म्हटलंच होतं, काही सापडायचं नाही,” ग्रंथपाल म्हणाले.

हे ऐकले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ती आईलाच घेऊन आली.

आई काठी टेकत आली. डोळ्यांशी अंक धरून तिने त्या ओळी वाचल्या, मग परत वाचल्या. मुलीने पाण्याची बाटली उघडून तयार ठेवली होती. आईने काठी माझ्या पायावर आपटली.

“मेल्यानं शेवटपर्यंत वाचलंय.”

मुलीला काही उमजेना.

“अगं, शेवटाला नावं ठेवायची तर शेवट वाचावा लागतो. तुझा मामा चौथ्या पानापुढे गेला नाही आजवर.” मग तिने ग्रंथपालांना विचारले, “हे लिहिणारे आहेत का अजून?”

“गेले हो, आजी. बरीच वर्षं झाली.”

“गेले तर गेले. मी उत्तर लिहिणार आहे. छापून आलं की त्याचं कार्ड या परीक्षणाच्या कार्डामागे लावायचं. तोवर हे कपाट हलवायचं नाही.”

ग्रंथपालांनी पाण्याच्या यंत्राचा विषय काढून पाहिला. तहान लागली तर घरी जाऊन प्या, असे उत्तर मिळाले.

आता ती दुपारी येते, खिडकीपाशी बसून मोठ्या अक्षरांत लिहिते, खोडते, मेलेल्या माणसाशी भांडते. इतकी खुशीत असलेली बाई मी या इमारतीत पाहिलेली नाही. भंगारवाला एकदा येऊन हात हलवत परत गेला. ग्रंथपाल माझ्याकडे कसे बघतात, ते मी सांगत नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असले रडगाणे मी गाणार नाही. पण नीट शोधल्याशिवाय कुणाला ‘तुमच्यावर कुणी लिहिलंच नाही’ असे सांगू नका. त्याच समजुतीवर एक बाई आयुष्यभर गप्प बसली. तिच्या कार्डामागे बोटभर जागा मोकळी ठेवली आहे. तिथे चमचा ठेवाल तर याद राखा.