आंबट तेवढं कळतं

लवंगेला डोकं असतं, चार टोकांचं, मध्ये एक गोल टिकली... इतकी वर्षं मसाल्यात मुठीमुठीनं लवंगा टाकल्या, पण एकीचंही डोकं कधी निरखून बघितलं नव्हतं. आता रोज सकाळी लवंग नाकाखाली धरायची आणि काही येत नाही म्हणून बघत बसायची. सुनंदाबाईंनी श्वास ओढला. हवा आली, नुसती हवा, धुतलेल्या ताटासारखी कोरी. लवंग आली नाही.

थंडीत ताप आला होता. साधाच, गल्लीत सगळ्यांना आला तसा. आठवड्यात उतरला, खोकला मागे रेंगाळला, आणि तोही गेला तेव्हा कळलं की जाताना तो घरातले सगळे वास घेऊन गेलाय. डॉक्टर म्हणाले, विषाणूनं वासाच्या नसा दुखावल्यात, हळूहळू भरून येतील, कदाचित. तोवर नाकाला शिकवा. लवंग, लिंबू, गुलाबपाणी, निलगिरीचं तेल, एकेक हुंगायचं आणि तो वास मनात आणायचा. म्हणजे या वयात नाकाला शाळेत घातलं! आणि नाक असं ढ निघालं की अजून पहिल्याच धड्यावर.

मनात आणायचा... इथंच तर घोडं पेंड खात होतं. दीपनगरच्या क्वार्टरची गच्ची आठवते, औष्णिक केंद्राच्या चिमणीची राख वाळवणावर पडू नये म्हणून बिबड्यांवर, ज्वारीच्या त्या पापडांवर, पसरलेली जुनी पातळं आठवतात. तरी पडायचीच, आणि शेजारणी म्हणायच्या, सुनंदा, तुझ्या बिबड्यांत खसखस न टाकताच दिसते. ड्यूटीवरून आलेले हे, चपलाही न काढता जिना चढून वर — "खालच्या फाटकापर्यंत वास येतोय, घाटा दे आधी" — आणि शिजवलेल्या पिठाच्या त्या गरम घाट्यावर कच्च्या तेलाची धार, ज्वारी, लसूण, तीळ... सगळं आहे. त्यांचा शर्ट आहे, बोटं आहेत. वास आला होता हेसुद्धा आठवतं. फक्त वास नाही. ते जाऊन सहा वर्षं झाली, आणि या थंडीत ते आणखी थोडे गेले. याचा मला राग येतो. रडू नाही येत, राग येतो. माणूस नेलंत ते नेलंत, त्याच्या आठवणीतलाही घास काढून घ्यायचा म्हणजे काय?

त्यांनी लवंग उचलून तोंडात टाकली आणि कचकन चावली. जीभ भाजली. हे मात्र येतंय अजून! झोंबतंय, डोळ्यांत पाणी येतंय. म्हणजे सगळंच काही मेलेलं नाही.

स्वयंपाकघरात मयुरी चपात्या लाटत होती. लायटर वरच्या फळीवर होता, स्टूल घेतल्याशिवाय सुनंदाबाईंचा हात पोचणार नाही अशा जागी. कोणी काही बोललं नव्हतं. परवा दूध उतू जाऊन गॅस विझला, आणि त्या शेजारीच कोथिंबीर निवडत बसल्या होत्या, पाठमोऱ्या. मयुरी ओरडत आली, खिडक्या उघडल्या, कॉक बंद केला. सूनबाई वाईट नाही. संध्याकाळी लायटर फळीवर गेला, आणि तिच्या आवाजात एक मऊपणा आला. "आई, तुम्ही बसा हं." तो मऊपणा त्यांना घशाखाली उतरत नव्हता. चार दिवस सासूचे, चार सुनेचे, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण माझे चार दिवस भरले की नाही, हे कोण ठरवणार? नाक?

"अक्का! शे का घरमा?"

ताईबाई. समोरच्या घरातली. कमरेवर पातेलं, वर ओलं फडकं. चैत्र लागला की देवपुरातल्या या गल्लीत बायका बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घालतात, आणि ती आंबली का हे सांगायला पातेली त्यांच्या ओट्यावर येतात. फडकं उचलायचं, वाकायचं, एक श्वास. आज, किंवा थांबा. लवकर काढली तर बिबडी मिळमिळीत होते, उशीर झाला तर कुजका वास तळल्यावरही जात नाही. इतक्या वर्षांत त्यांचं चुकलं नव्हतं.

"मेघानं रुखवत शे अक्का," ताईबाईंनी पातेलं ठेवलं. लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. "सासरना लोके पाहतीन, खातीन. आज काढू का राहू दिऊ? तूच सांग, बठ्ठी गल्ली तुनाच नाकवर चालस."

मयुरी दारात येऊन उभी राहिली. हातात लाटणं. तिच्या चेहऱ्यावर तो मऊपणा पसरायला लागला होता. "ताईबाई, त्याचं काय आहे ना, आईंना..."

"थांब," सुनंदाबाई म्हणाल्या. माझं मी सांगेन. एवढं तरी माझं राहू दे.

त्यांनी फडकं उचललं. दाणे फुगलेले, वर बारीक फेस. वाकायची सवय मानेला होतीच, ती वाकली. काहीच नाही. आणि वाकल्या वाकल्याच वाटलं, बोलून टाकावं "आज". कोणाला कळतंय? नाकाचा मान तरी राहील. पण रुखवत मेघाचं. माझ्या मानापायी तिनं सासरी मान खाली का घालावी?

"ताईबाई, माले वास येत नही. हिवाळामा ताप ऊना तवयपाशी."

ताईबाई बघतच राहिल्या. "आन् तू बोलनी नही? मंग आते कोन सांगी?"

"मीच सांगसू."

त्यांनी ओंजळ पातेल्यात घातली आणि पाणी प्यायल्या. मयुरी "आई, अहो!" म्हणाली, ताईबाईंनी तोंडाला पदर लावला. आंबट. जिभेच्या कडांवरून आंबट मागे गेलं, जबड्याखाली कळ आली, चिंचेनं येते तशी. एक दाणा चिमटीत दाबला, तो मधे न अडता फुटला. पण आंबट चांगलं की कुजकं, ते जीभ सांगत नाही. ते नाकाचं काम, आणि नाक घरी नाही.

"मयुरी, इकडे ये. वास घे."

मयुरी वाकली. "येतोय, आई. पण चांगला की वाईट, मी कसं सांगू?"

"मोरीत येतो तसा येतोय, की ताक विसरून राहिल्यावर येतो तसा?"

मयुरीनं पुन्हा श्वास घेतला, या वेळी डोळे मिटून. "ताक. ताकासारखाच... थोडा."

थोडा! या एका शब्दावर मेघाचं रुखवत तोलायचं. सुनंदाबाईंनी तिघींच्या मधल्या पातेल्याकडे पाहिलं. भीती वाटत होती, आणि वाटते आहे हे त्यांना लपवावंसं वाटलं नाही.

"आज काढ. बिघडनं ते मना नाववर बिघडी."

ताईबाई क्षणभर घुटमळल्या. मग फडकं झाकून त्यांनी पातेलं कमरेवर घेतलं. त्या पाणी उपसायला घरी निघाल्या की दुसऱ्या कुणाला विचारायला, ते त्यांच्या पाठीवरून कळलं नाही.

सुनंदाबाईंनी स्टूल ओढला. चढल्या, फळीवरचा लायटर घेतला, उतरल्या.

"आई, मी करते ना चहा..."

"तू वास घे. मी पेटवते."

मयुरी शेगडीजवळ आली आणि खरंच, नाक पुढे करून उभी राहिली. खट्. निळी ज्योत गोल उभी राहिली, तिचा बारीक फुरफुर आवाज सुनंदाबाईंनी पहिल्यांदाच नीट ऐकला. लवंग अजून झोंबत होती, वर ते आंबट पाणी. उद्यापर्यंत काही कळणार नाही, कदाचित मेघाच्या सासरीच कळेल. चहा उकळला, वाफ तोंडावर आली, आणि रोजच्यासारखा वास शोधायला त्यांनी श्वास ओढला नाही. वाफ गरम होती.