म्हातारीच्या पोटातलं तेल

सर्वेयरसाहेबांनी नोकरीत आयुष्यभर एकच काम केलं होतं. कुठे नुकसान झालं की तिथे जायचं आणि चूक कोणाची ते ठरवायचं. ट्रक उलटलेला असो की गोदाम जळालेलं असो, साहेब वाकून बघणार, "हूं" म्हणणार, आणि काहीही झालं तरी चूक विमा कंपनीची नाही असं निघणार.

निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात. साहेबांनी एक जुनी वॉटर स्कूटर विकत घेतली. घर तळ्याकाठी होतं, गुडघे कुरकुरत होते, आणि पाण्यावर गुडघ्यांना काम नसतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. बायकोने त्या यंत्राचं नाव 'म्हातारी' ठेवलं. "घरात एक होतीच," ती म्हणाली, "हिचे नखरे जास्त, एवढाच फरक."

म्हातारीचं दुखलंखुपलं बघायला घरचाच डॉक्टर होता. साहेबांचे जावई दातांचे डॉक्टर, पण हात इंजिनात रमलेले. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून झालं की त्यांना न कण्हणारं काहीतरी उघडून बसावंसं वाटे. त्यांनी म्हातारीचं तेल बदललं, फिल्टर बदलला, इंजिनाच्या झाकणाखाली तेल अडवणारं नवं गॅस्केट घातलं, हात धुतले आणि घरी गेले.

थोड्याच दिवसांत साहेबांनी सीट उचलून पाहिलं तर तळाशी काळं तेल साचलेलं. शिवाय तेल मोजायची काडी बुडवावी, तर तेल कमी. वर कमी होतंय, खाली साचतंय, मध्ये गॅस्केट, आणि गॅस्केट जावयाने बसवलेलं. इतकं सरळ प्रकरण साहेबांना उभ्या नोकरीत मिळालं नव्हतं.

निकाल खासगीत दिला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण साहेबांनी तो दिला साडूंच्या घरी, बायकोच्या माहेरची झाडून सगळी मंडळी जेवायला बसलेली असताना. "दात बसवणं वेगळं आणि गॅस्केट बसवणं वेगळं," ते म्हणाले. "दातात चुकलं तर निदान पेशंट ओरडतो." मंडळी इतकी हसली की टेबलावरचं पाणी सांडलं. डॉक्टरही हसले.

त्यानंतर डॉक्टर यायचे बंद झाले. मुलगी एकटीच यायची, आणि "त्याला काम आहे" हे चपला काढायच्या आतच सांगून मोकळी व्हायची. तिकडे साडूंनी आपली दुखरी दाढ दुसऱ्याच दवाखान्यात नेली. त्यांच्यापाठोपाठ मेहुणीने कवळी नेली. हसण्यावारीच, अर्थात. दोघंही हसत हसतच गेली.

आज डॉक्टर आले होते. त्याआधी मुलीने आईला फोनवर बजावलं होतं, "तो फक्त गळती शोधायला येतोय. गॅस्केट गळत असेल तर तो कान धरून कबूल करेल. पण नसेल गळत, तर बाबांनीही कबूल करावं, जिथे बोलले तिथेच. नाहीतर यापुढे मीही येणार नाही." हे वाक्य बायकोने साहेबांना जसंच्या तसं सांगितलं आणि वर विचारलं, "ऐकलंत ना?" साहेब म्हणाले, "हूं."

शेडमध्ये म्हातारी तिच्या ट्रॉलीवर नाक वर करून उभी होती. पावसाचं पाणी मागच्या भोकातून निघून जावं म्हणून पुढच्या चाकाखाली विटा ठेवण्याची युक्ती साहेबांचीच. डॉक्टरांनी सीट काढली, तळ धुऊन, पुसून अगदी लख्ख केला. मग दवाखान्यातून आणलेला लांब दांड्याचा छोटा आरसा काढला आणि सासूबाईंकडे पावडर मागितली.

"माझी? तोंडाला लावायची?"

"हो आई. इंजिनावर भुरभुरवायची. तेल जिथून येईल तिथे पावडर ओली होते."

"घ्या. मेली आता नटणार पण!"

साहेबांकडे बॅटरीचा उजेड धरायचं काम आलं.

"डॉक्टर, उगाच पसारा करताय," ते स्टुलावरून म्हणाले. "गॅस्केटच आहे ते. माझ्या अनुभवात..."

"बाबा, बॅटरी जरा खाली."

बॅटरी खाली गेली. इंजिन तापू नये म्हणून डॉक्टरांनी पाण्याचा पाइप जोडला, इंजिन सुरू केलं, मग नळ सोडला. म्हातारी खोकली, थरथरली, शेडभर धूर केला. थोड्या वेळाने नळ बंद, इंजिन बंद. डॉक्टरांनी आरसा झाकणाच्या कडेकडेने फिरवला. गॅस्केटभोवतीची पावडर पांढरीशुभ्र होती.

"मागचा कोपरा बघा," साहेब म्हणाले.

"कोरडा आहे."

"नीट बघा."

डॉक्टरांनी आरसा त्यांच्याच हातात दिला. साहेब गुडघ्यांची तक्रार न ऐकता वाकले, आणि त्यांनी मागचा कोपरा बघितला. तिथे दुधावर साय असावी तशी पावडर होती. "हूं," ते म्हणाले, पण नेहमीची धार त्यात नव्हती.

फिल्टरचं झाकणही कोरडं निघालं. मग मुलीलाच दिसलं. ती दारात हाताची घडी घालून उभी होती, तिथून म्हणाली, "ते काय आहे? बाजूने ओघळलंय ते?"

इंजिनाला हवा पुरवणाऱ्या काळ्या डब्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक तपकिरी रेघ निघाली होती. डॉक्टरांनी डबा उघडला. आतला स्पंज तेलाने निथळत होता.

"इथे फक्त हवा असायला हवी," ते म्हणाले. "इंजिनात तेल जास्त झालं की ते घुसळतं आणि वाफेच्या नळीतून या डब्यात उडतं. इथून खाली. बाबा, ही गळती नाहीच. अजीर्ण झालंय हिला. ढेकर देतेय."

"पण तेल तर कमी आहे!" साहेब बोलून गेले. "काडीवर कमी दिसतं."

"तुम्ही बघितलंत?"

"सहज. जाता येता."

"इथेच? अशी उभी असताना?" डॉक्टर वाकून विटांकडे बघत होते. "हिचं नाक वर आहे. तेल सगळं मागे जातं आणि काडी आहे पुढे. इथे कधीही मोजा, कमीच दिसणार. सपाट ठेवून मोजायचं असतं."

विटा काढल्या. म्हातारीने नाक खाली केलं. डॉक्टरांनी काडी पुसली, बुडवली, वर काढली. तेल वरच्या खुणेवर थांबलं नव्हतं. खूण ओलांडून ते बोटभर वर चढलं होतं.

साहेबांना त्याआधीच, डॉक्टर विटांकडे वाकले तेव्हाच, सगळं कळलं होतं. डॉक्टर तेल बदलून गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी काडी बुडवली होती. बघू तरी, जावयाने किती घातलंय. कमी दिसलं. तेव्हापासून रोज सकाळी, बायको आंघोळीला गेली की, ते फळीवरच्या रंगाच्या डब्यांमागे ठेवलेला तेलाचा कॅन काढत आणि थोडं तेल ओतत. कोणाला सांगितलं नाही. जावयाला वाईट वाटू नये म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं, आणि आपल्या या मोठेपणाचं त्यांना मनातून कौतुकही होतं.

"मग हे माझंच," डॉक्टर काडीकडे बघत म्हणाले. "मोजून घातल्यासारखं वाटतंय, पण त्या दिवशी घाई होती मला. पडलं असेल जास्त."

मुलीची हाताची घडी सुटली. ती खाली बघू लागली.

"जाऊ द्या हो डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "माणूस आहे, चुकायचाच."

प्रकरण मिटलं होतं. चूक सापडली होती, ती करणाराही सापडला होता, त्याची सही तेवढी राहिली होती. साहेबांना फक्त स्टुलावर बसून राहायचं होतं. ते बसून राहिले. त्यांच्या तोंडून "हूं" निघालं, आणि ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

डॉक्टर आरसा पुसत होते. "सॉरी, बाबा. तुम्ही त्या दिवशी म्हणालात ते बरोबरच होतं. मला उगाच लागलं ते."

साहेबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "तेल नंतर टाकलं गेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही," ते बॅटरीला उद्देशून म्हणाले.

"कोणाकडून टाकलं गेलं?" मुलीने विचारलं.

"म्हणजे, देखभालीच्या ओघात..."

"बाबा, हिची देखभाल या घरात किती जण करतात?"

"माझ्याकडे बघू नका," बायको म्हणाली. "मी फक्त पावडर दिली."

साहेब उठले. फळीवरचे रंगाचे डबे एकेक करून बाजूला केले. तेवढ्याने हात काळे झाले. मागून कॅन काढला आणि जमिनीवर ठेवला. रिकाम्या कॅनचा आवाज शेडमध्ये जरा जास्तच घुमला.

"मी टाकलं," ते म्हणाले. "रोज थोडं थोडं. तुम्ही कमी घातलंय असं वाटलं मला. तुम्हाला बोललो नाही, वाईट वाटेल म्हणून."

"आणि काकांकडे सगळ्यांसमोर बोललात, तेव्हा नाही का वाटलं वाईट?" मुलगी म्हणाली.



डॉक्टर हसले असते, एखादा टोमणा मारला असता, तर साहेबांना सोसलं असतं. पण ते नुसतं "होतं हो, बाबा" म्हणाले, बॅगेतून मोठी सिरिंज काढली, तिला नळी जोडली आणि म्हणाले, "कॅन धरा."

साहेबांनी कॅन धरला. बायको बघत होती, मुलगी बघत होती. सिरिंज भरायची आणि कॅनमध्ये रिकामी व्हायची. त्यांनी चोरून ओतलेलं तेल असं चारचौघांत त्यांच्या हातात परत येत होतं. कॅन जड होत गेला. ते धरून उभे राहिले.

"जेवायला थांबताय ना?" बायकोने हळूच विचारलं.

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं.

"आधी फोन," मुलगी म्हणाली. "काकांना."

"आत्ता? हात तेलकट आहेत माझे."

बायकोने पदराने त्यांचा मोबाईल पुसला, नंबर लावला आणि त्यांच्या कानाला धरला.

"बोला सर्वेयरसाहेब!" साडूंचा आवाज शेडभर ऐकू आला. "काय म्हणतेय म्हातारी? बुडवली की नाही अजून दातांच्या डॉक्टरने?"

डॉक्टर पाठमोरे होऊन तेलाचं झाकण बसवत होते. ते केव्हाच बसलं होतं. तरी फिरवत होते.

"त्याच संदर्भात जरा..." साहेब म्हणाले.

"थांबा, थांबा! स्पीकरवर टाकतो. सगळे इथेच जमलेत आज. अगं ए, या इकडे सगळे, साहेबांनी फोन केलाय!" खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कोणीतरी आधीच खिदळलं. "हं, होऊ द्या!"

साहेबांनी घसा खाकरला. "गॅस्केट चांगलं होतं. चूक माझी होती. तेल मी जास्त टाकत होतो."

तिकडे हास्याचा एकच फवारा उडाला. "वा!" साडू धापा टाकत म्हणाले. "हे भारी आहे! पुढे?"

"पुढे काही नाही," साहेब म्हणाले. "हसू नका. परत सांगतो."