बंद पेटीचा वास

बाजारात सासऱ्यांना सगळे ‘नाकवाले’ म्हणत. ताज्या खजुराच्या बंद पेटीवर नुसतं वाकून ते सांगायचे, “ही आतून गेली,” आणि उघडल्यावर काळी बुरशी निघायचीच.

त्या सकाळी शीतगृहातल्या पेट्या बाहेर काढल्या होत्या. गार फळं उबेत आली की त्यांना घाम फुटतो आणि ओल मिळाली की बुरशीचं आयतंच फावतं. म्हणून सून पंखे लावत होती. तेवढ्यात तिला कोंदट वास आला. सासरे मात्र त्याच पेट्यांवर वाकून पुढे गेले. “खणखणीत माल आहे. गाडी भरा.”

तिने हळूच एक फळ फोडलं. वरून तुकतुकीत, आत बीभोवती काजळीसारखी भुकटी. दुसरंही तसंच. मग तिला परवाची गोष्ट आठवली. दूध करपून घरभर धूर झाला, तरी शेजारच्या खोलीत सासरे शांतपणे पेपर वाचत होते. तापातून उठल्यापासून जेवणाला नावंही ठेवली नव्हती त्यांनी.

हमालांसमोर बोलणं म्हणजे त्यांचं नाक कापणं. ती जवळ गेली. “बाबा, सर्दीनं माझं नाक चोंदलंय. फळं फोडून बघायची का जरा?”

त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिला सर्दी नव्हती, हे दिसतच होतं. त्यांनी फळ फोडलं. बोटं काळी झाली.

“गाडी थांबवा रे!” ते ओरडले आणि मग हळू आवाजात म्हणाले, “चहासुद्धा गरम पाण्यासारखा लागतो, पोरी. वाटलं, वास येईल परत.”

“मग घरात तरी सांगायचं ना!”

“लोक मला नाकानंच ओळखतात. ते गेल्यावर उरतो कोण?”

तिने एक पेटी त्यांच्यापुढे ओढली. “देठ कुठे मऊ पडलाय, ते बोटांना कळतं ना?”

“कळतं की.”

दोघं कामाला बसली. ते देठ चाचपायचे, सालीची चीर शोधायचे, ती हुंगायची.

“कसला वास येतोय?”

“ओल्या पोत्यासारखा.”

“ती बुरशी. आंबट झोंबलं तर फळ आंबलंय म्हणायचं. दोन्हींत गल्लत करू नकोस.”

निम्म्याहून जास्त माल खड्ड्यात गेला. दुपारी सासऱ्यांनी व्यापाऱ्याला स्वतः फोन लावला. माल कमी येणार, हे सांगितलं. पलीकडून कारण विचारलं असावं. ते घसा खाकरून म्हणाले, “मला वास येईनासा झालाय. यापुढे माल सूनबाई तपासेल. मी असेनच सोबत.”