शंभर दिवसांचं मौन

लॉन्ड्रीच्या बॉयलरखोलीतला गॅस सेन्सर आधी फार कांगावखोर होता. वाफ लागली की बोंब, डाग काढायच्या स्पिरिटचा बोळा जवळून गेला की बोंब. नाक तिखट, पण गॅस कुठला नि स्पिरिट कुठलं हा विवेक नव्हता. आपल्यातही असे भक्त असतातच.

मॅनेजरांनी त्याला रोज पॉलिश मारायचा हुकूम सोडला. सेन्सर आरशासारखा चकाकला आणि गप्प झाला. तो असा की शंभर दिवस हूं की चूं नाही! लॉन्ड्रीला सुरक्षिततेची मानाची ढाल जाहीर झाली. ती द्यायला तीन वाजता पाहुणे यायचे होते. तपासणीच्या कागदावर उपकरणं सांभाळणाऱ्या पोरीची सही तेवढी राहिली होती.

तिनं सेन्सरवर चाचणीचा गॅस सोडला. ढिम्म.

"सर, पॉलिशमध्ये सिलिकॉन आहे. आत थर बसून याचं नाक मेलंय."

"अगं, शांत आहे, तर शांत लिही! मेलंय काय? शुभ बोल."

बॉयलर चालवणारे तिचे बाबा दारातून म्हणाले, "कर गं सही. साहेबांचा दिवस गोड होऊ दे."

तीस वर्षं ब्लीच हुंगून बाबांचंच नाक कधीचं रजेवर गेलं होतं. गळती झाली तर त्यांना सांगणारं इथं या सेन्सरशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"बाबा, काल शेजारी भाजी करपली, तुम्हाला कळलं?"

"मी जप करत होतो."

"नाकानं?"

बाबा टोपी नीट करू लागले.

पोरीनं पेन उघडलं. "करते सही. पण सर, फोटो इथंच काढू. दार लावून घेऊ, आणि आज बॉयलर तुमच्या शुभहस्ते पेटवा."

मॅनेजरांनी बटणाकडे पाहिलं, मग चकाकत्या सेन्सरकडे. त्यात स्वतःचाच घाबरा चेहरा दिसला. दोन पावलं मागे सरत ते गरजले, "गोदामात नवा सेन्सर आहे ना? मग बघत काय बसलीस?"

नवा बसला. तिनं चाचणीचा गॅस सोडला, त्यानं किंकाळी फोडली आणि नेमके तेव्हाच पाहुणे आत आले. ढाल आली तशी गाडीत परत गेली. बिनगजराचे दिवस मोजणाऱ्या फळ्यावर शंभराच्या जागी शून्य आलं.

बाबांनी कान देऊन ऐकलं. "आवाज बेसूर आहे हो," ते म्हणाले, "पण कसा मनापासून हाक मारतोय!"

आणि त्यांनी बॉयलर पेटवला.