फॅमिली पॅकमधला पाचवा नंबर

"सांजचा दिवा लावला का आधी सिंधूले फोन लावजो. तिचा आवाज कानावर पडल्याबिगर घास घेजो नको."

तुळसाबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या खाटेला खिळलेल्या होत्या आणि सून अनुसया त्यांच्या पायांना तेल चोळत होती. सिंधू म्हणजे तुळसाबाईंची थोरली लेक, अनुसयाची नणंद. नवरा गेल्यापासून नरखेडच्या पुढे सात किलोमीटरवर, संत्र्याच्या बागेतल्या दोन खोल्यांत ती एकटीच राहायची. मूलबाळ नव्हतं. नागपूरला येऊन राहा म्हटलं की म्हणायची, झाडांना कोणाच्या भरवशावर टाकू?

तुळसाबाई गेल्या त्याला अकरा वर्षं झाली. अनुसयाचे नेम पुष्कळ होते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, रोज सकाळी देवासमोर एकशे आठ नावं. त्यात हा एक मिळाला आणि मुरला. तुळशीपाशी दिवा लावायचा, पदराला हात पुसायचे आणि फोन लावायचा. बोलणं फार नसायचंच. दिवा लागला का, पाणी दिलं का झाडांना, जेवता का आता. "हाव, जेवतो," असं पलीकडून आलं की अनुसया पानावर बसायची. घरातले याला आईची हजेरी म्हणायचे. म्हणोत. अकरा वर्षांत हजेरी एकदाही चुकली नव्हती, आणि घरातल्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीबद्दल असं म्हणता आलं नसतं.

आता त्या घरातल्यांबद्दल. घर पाचपावलीत. मागच्या पिढीपर्यंत तिथे मागाचा खटखटाट असायचा. आता मागाच्या जागी सोफा होता आणि खटखटाट फक्त मोबाइलवर चालणाऱ्या बोटांचा. अनुसयाचे यजमान ताराचंद बँकेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. पण बोलताना बँक तेच चालवत असावेत असं वाटे. मुलगा चेतन हिंगण्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायचा. तपासणीची सवय त्याने घरीही आणली होती. सून हर्षा स्वभावाने चांगली, पण तिचं अर्धं आयुष्य हातातल्या काचेत जायचं.

आषाढात जुन्या कंपनीने रिचार्जचे दर वाढवले आणि घरावर जणू आभाळ कोसळलं. चेतनने ठरवलं की नंबर तेच ठेवून घरातल्या सगळ्यांची कंपनी बदलायची, पण अभ्यास करून. त्याने तक्ता काढला. उभे रकाने कंपन्यांचे, आडव्या ओळी जागांच्या: हॉल, स्वयंपाकघर, गच्ची, कारखान्याचा गेट, कारखान्याची कॅन्टीन, सासुरवाडी. मित्रांची सिमं मागून आणून तो घरभर हात वर करून फिरायचा आणि मोबाइलवरच्या नेटवर्कच्या कांड्या मोजायचा. संडासातसुद्धा मोजल्या. तिथे एका कंपनीच्या चार कांड्या आल्या तेव्हा त्याने आतूनच ओरडून सांगितलं, आणि ताराचंदांनी बाहेरून विचारलं की बेटा, तू तिथे राहायला जाणार आहेस का.

ताराचंदांचा अभ्यास वेगळा होता. सकाळी बागेत त्यांच्यासोबत फिरणाऱ्या सात म्हाताऱ्यांपैकी चौघांकडे 'गगनतारा' नावाची नवी कंपनी होती. चार म्हणजे बहुमत. हर्षाचं म्हणणं होतं की रील अडकली नाही पाहिजे, बाकी कोणतीही घ्या.

अनुसयालाही विचारलं. विचारलं नाही असं कोणी म्हणू नये. चेतन तक्ता घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तुले फोनवर काय काय लागते?"

"सांजचा एक फोन लागते गा. तुह्या आत्याले."

चेतनने तिच्या नावापुढे लिहिलं: वापर, नगण्य.

शेवटी गगनतारा ठरली. भाव कमी, आणि कंपनीच्या नकाशावर सगळा जिल्हा हिरवागार. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी कंपनीचा माणूस घरीच आला. भूपेश नाव, गळ्यात कंपनीचा पट्टा, बोलणं लोण्यासारखं. घरात सोळा भाज्यांचा घमघमाट, आंबिलीचं पातेलं उतरवलेलं, पुरणाच्या पोळ्यांची चळत. सणाला म्हणून सिंधूताईही तीन दिवस आलेल्या. आणि या सगळ्यात भूपेशने फॅमिली पॅकची गंमत उलगडून सांगितली: चार नंबर घेतले तर जेवढे पैसे पडतात त्याहून पाच नंबरांचा पॅक स्वस्त.

असं कसं, हे चेतनने तीनदा विचारलं. असंच आहे, असं भूपेशने तीनदा सांगितलं. मग सगळ्यांची नजर पाचवा माणूस शोधू लागली. घरात पाचव्या होत्या त्या महालक्ष्म्याच. त्यांच्याकडे आधारकार्ड नव्हतं. तेवढ्यात सिंधूताई पोळ्यांची परात घेऊन आल्या.

त्यांच्या हातातली परात घेऊन त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांच्या जुन्या बटणांच्या फोनवरून चेतनने कंपनी बदलायचा मेसेज पाठवला, आलेला आकडा वाचून घेतला. भूपेशने फोटोसाठी डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली. त्यांनी ती इतक्या भक्तिभावाने केली की हर्षाला हसू आवरेना. सगळं झाल्यावर त्या दोन महिने चाललेल्या अभ्यासात कोणालाच न सुचलेला प्रश्न सिंधूताईंनी विचारला.

"माह्या बागेत धरते का गा हे?"

भूपेशने नकाशा पुढे केला. नरखेडच्या पुढे बोट ठेवलं. हिरवं होतं.

"पाहा आजी. फुल कव्हरेज."

"मंग ठीक आहे," सिंधूताई म्हणाल्या. कागदावर छापलेलं खोटं असतं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. भूपेश दोन पोळ्या आणि वाटीभर आंबील घेऊन आशीर्वाद देत गेला.

चेतनने नवं सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत घालून दिलं आणि सिंधूताई गावी परतल्या. पुढच्या सोमवारी दुपारी सगळ्यांचे जुने नंबर नव्या कंपनीकडे गेले. चेतनने गच्चीवर जाऊन वेग मोजला आणि पेढे आणले. पेढे! जणू बारावीचा निकाल लागला होता.

सांज झाली. अनुसयाने दिवा लावला, हात पुसले, फोन लावला. एक गोड बाई म्हणाली की आपण संपर्क करीत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. अनुसयाने पुन्हा लावला. बाई पुन्हा तेच म्हणाली, तितक्याच गोडीने. आठ वाजले, नऊ वाजले. सोमवारचा उपास सोडायचा राहिला. रात्री पाणी पिऊन ती झोपली.

मंगळवारी पुन्हा तेच. ताराचंद जेवता जेवता म्हणाले की ताई मजेत असेल, तिला काय होतं. हर्षाने आग्रह केला की आई, निदान दूध घ्या. चेतन म्हणाला की आईचं काय, उपासाचे दिवस वाढले एवढंच, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला. मात्र आईने ताट पुढे ओढलं नाही हे पाहून त्याने तक्रार नोंदवायचं मनावर घेतलं.

कंपनीत माणूस भेटायला सव्वीस मिनिटं लागली. फोनवरची मुलगी फार अदबीची होती. आमच्या माहितीप्रमाणे त्या भागात नेटवर्क उत्कृष्ट आहे, ती म्हणाली. ग्राहकाला घराबाहेर मोकळ्या जागेत जायला सांगावं. चेतनने हे आईला सांगितलं. अनुसया हळूच म्हणाली की तिथे घर सोडलं तर सगळी मोकळीच जागा आहे. ते काही तो मुलीला सांगू शकला नाही, कारण तोवर फोन बंद झाला होता.

बुधवारी सकाळी कंपनीचा मेसेज आला: आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया तारे द्या. पाच तारे दिले की थोडं नेट फुकट मिळणार होतं. चेतनने पाच तारे दिले.

त्या संध्याकाळी दिवा लावून अनुसयाने फोन हातात घेतला, तोच तो वाजला. सिंधूताईंचं नाव होतं. तिने घाईने कानाला लावला. वाऱ्याचा घोंघाट येत होता आणि त्यातून तुटक आवाज.

"अनुसया? आयकू येऊन राहिलं का वं?"

"हाव ताई. कुठं होत्या? तीन दिवस झाले."

"टाकीवर आहो."

"कोणत्या टाकीवर?"

"विहिरीजवळच्या. पाण्याच्या. खाली धरतच नाही वं हे मेलं. परवापासून रोज चढून राहिली, आज लागला."

अनुसयाच्या डोळ्यांपुढे ती टाकी आली. दोन पुरुष उंच, बाजूला लोखंडी शिडी, शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या गंजून गेलेल्या. आणि सिंधूताई बाहत्तर वर्षांच्या, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.

"कायले चढल्या तुमी?"

"तू उपाशी बसली असशील ना," सिंधूताई म्हणाल्या. "मायचं बोलणं मले मालूम नाही का?"

अनुसयाला वाटत होतं की नेम आपला आहे. तो पलीकडूनही कोणी पाळत होतं, हे अकरा वर्षांत तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"ताई, आयका. आता उजेड आहे तोवर उतरा. आन उद्या चढू नका. मी उद्या सांजेले तुमच्याशी बोलीन. दिवा लागला का बोलीन. देवाशपथ. पण तुमी चढाचं नाही."

"कशी बोलशील वं?"

"ते माह्यावर सोडा."

पलीकडे वारा तेवढा राहिला आणि मग तोही तुटला. सिंधूताई उतरल्या की नाहीत, हे कळायला मार्ग नव्हता. आवाज ऐकला होता, म्हणून अनुसया पानावर बसली. दोन घास खाऊन उठली.

बाकीचे जेवत असताना तिने सगळं सांगितलं. ताराचंद म्हणाले की ताई लहानपणी चिंचेच्या झाडावर चढायची, कधी पडली नाही. लहानपण संपून साठ वर्षं झाल्याचं त्यांच्या हिशेबात नव्हतं. हर्षाने फोन उलटा ठेवला आणि म्हणाली की आत्यांचा नंबर जुन्या कंपनीत परत टाका ना. चेतनने समजावून सांगितलं की एकदा बदलला की नव्वद दिवस हलवता येत नाही, नियमच आहे. शिवाय पाचवा नंबर काढला तर पॅक मोडतो आणि उरलेल्या चौघांना महाग पडतं. दुसरं सिम देऊ, तो म्हणाला, दिवाळीनंतर बागेत जाणं होईलच तेव्हा.

"आन तवर?" अनुसयाने विचारलं.

"तवर तू थोडं समजून घे ना आई."

तिने समजून घेतलं. जे समजायचं होतं ते सगळं.

गुरुवारी सकाळी तिने एकशे आठ नावं घेतली, दोन वेळचा स्वयंपाक करून झाकून ठेवला आणि पिशवी उचलली. हॉलमध्ये तिघंही होते, तिघांच्याही माना खाली. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मी ताईकडे जाऊन राहिली." चेतन "हूं" म्हणाला. ताराचंदही हूं म्हणाले. हर्षाने मान वर करून पाहिलं, तोवर ती चपला घालत होती.

ऑटोने ती गणेशपेठच्या बसस्टँडवर उतरली. नरखेडच्या फलाटावर सात-आठ जण बसले होते. तिने तक्ता केला नाही. एकेकाशेजारी जाऊन हळूच विचारलं की बापा, तुमच्या इकडे घरात बसून फोन कोणाचा लागतो? पोत्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने धोतराच्या कनवटीला खोचलेला फोन काढून दाखवला. डोक्यावर पदर घेतलेल्या एका बाईने तेच नाव सांगितलं. ड्यूटी संपवून चहा पीत असलेला कंडक्टर म्हणाला की मावशी, नरखेडच्या पुढं जुन्या कंपनीशिवाय कोणतंच धरत नाही, माझंही तेच आहे. पाच मिनिटं लागली. चेतनला दोन महिने लागले होते, पण त्याने संडासही धरला होता.

स्टँडसमोरच्या दुकानात तिने जुन्या कंपनीचं सिम मागितलं. दुकानदार रोजचं नेट किती, सिनेमे किती, हे सांगू लागला. ती म्हणाली की यावर फक्त बोलायचं आहे. तो जरा हिरमुसला. तिने आधारकार्ड दिलं, सांगितल्याप्रमाणे डोळे मिटले आणि उघडले. संध्याकाळपर्यंत चालू होईल, दुकानदार म्हणाला. संध्याकाळ म्हणजे किती वाजता, हे तिने विचारून घेतलं. चार, फार तर पाच. सिम तिने रुमालात गुंडाळून पिशवीत पोथीच्या पानांमध्ये ठेवलं.

बस लागली. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला तेव्हा तिने पैसे पुढे केले.

"नरखेड. एक."

"कोणी आहे का तिकडे, काकू?"

"हाव. वाट पाहून राहिली."

ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. दिवेलागणीला अजून सात तास होते. अनुसयाने मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली आणि मनातल्या मनात, एकशे आठांपैकी पहिलं नाव पुन्हा एकदा घेतलं.